600 चौरस फुटांची हिरवळ आणि घरची भाजी: खर्च नक्की कुठे वाचतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पूर्वेकडील उपनगरात तुमचा लहान बंगला आहे. पुढे सुमारे 600 चौरस फुटांची हिरवळ आहे आणि मागच्या भिंतीलगत एक अरुंद पट्टी मोकळी पडून आहे. घरात चार माणसे आहेत. माळी आठवड्यातून दोनदा येतो, मार्चपासून टँकर मागवावा लागतो, आणि एवढे करूनही हिरवळ ठिकठिकाणी पिवळी पडते. घरी भाजी लावली तर महिन्याचा खर्च खरोखर कमी होईल का आणि हिरवळीचे काय करावे, अशी दुहेरी विचारणा तुम्ही केली आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी याच भागात बागा आखून देण्याचे आणि सांभाळण्याचे काम करीत आहे. त्या अनुभवावरून मी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकत्र देतो, कारण तुमच्या अंगणात ते वेगळे नाहीतच.

खर्च वाचतो, पण पहिल्या वर्षी तो प्रामुख्याने हिरवळ आवरती घेतल्यामुळे वाचतो. भाजीचा वाटा दुसऱ्या वर्षापासून दिसू लागतो, आणि तोही योग्य भाज्या निवडल्या तरच.

आधी पाण्याचा हिशेब पाहू, कारण टँकर मागवणाऱ्या घरात पैसा तिथेच मुरतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे बरोबर एक लिटर. 600 चौरस फूट म्हणजे जवळपास 56 चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ हिरवीगार ठेवायची तर रोज साधारण 5 मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दिवसाला 280 लिटर आणि महिन्याला सुमारे 8,400 लिटर. 10,000 लिटरचा एक टँकर जवळजवळ पूर्णपणे गवतावर जातो. याच्या तुलनेत 4 फूट रुंद आणि 10 फूट लांब अशा भाजीच्या एका वाफ्याला, वर पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर, दिवसाला 18 ते 19 लिटर पुरतात, म्हणजे दीड बादली.

म्हणून माझी सूचना अशी की हिरवळ 300 चौरस फुटांवर आणावी, 200 चौरस फुटांत भाजीचे पाच वाफे करावेत आणि उरलेल्या 100 चौरस फुटांत वाफ्यांमधून चालण्यापुरत्या वाटा ठेवाव्यात. वाफे मागच्या पट्टीत न करता पुढे, आज जिथे हिरवळ आहे तिथेच करा, असे मी आवर्जून सांगतो. वांगी, टोमॅटो, भेंडी, मिरची यांसारख्या फळभाज्यांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे असते आणि बहुतेक बंगल्यांत ते समोरच्या मोकळ्या भागातच मिळते. भाजी मागे लपवायची आणि चांगले ऊन गवताला द्यायचे, ही आपल्याकडची सवय खर्चाच्या दृष्टीने उलटी आहे. मागच्या पट्टीला तीन-चार तास ऊन येत असेल तर तिथे अळू, पुदिना, गवती चहा, आंबट चुका आणि मायाळूचा वेल ही मंडळी सुखाने राहतील. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी अळूला पुरते. मात्र भांड्यांचे साबणाचे पाणी रोजच्या रोज कोणत्याही आळ्यात सोडू नका.

गवत काढताना एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडची बहुतेक हिरवळ हरळीच्या जातीची असते आणि तिची प्रत्येक कांडी मातीला टेकली की मूळ धरते. नुसती कुदळ मारून गवत मातीत मिसळले तर तीन आठवड्यांत वाफाभर हरळीच उगवेल. त्यासाठी चार बोटे मातीसह गवताचे थर सोलून काढा, ते उलटे करून कडक उन्हात पूर्ण वाळू द्या आणि मगच कंपोस्टमध्ये टाका. हेच काम मे महिन्यात केले, जमीन ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवले, तर उरलेल्या काड्या आणि तणांचे बरेचसे बी उष्णतेने मरते. वाफे आणि हिरवळ यांच्या सीमेवर शहाबादी फरशीचे तुकडे अर्धा फूट खोल उभे पुरावेत. हे केले नाही तर हरळी वाफ्यात शिरते आणि दर महिन्याला तुमचा एक रविवार ती काढण्यात जातो.

नव्या बंगल्यांच्या आवारात वरची सहा इंच माती चांगली असते आणि खाली बांधकामाचा राडारोडा निघतो. सिमेंट-चुन्यामुळे अशी जमीन विम्लधर्मी (अल्कधर्मी) होते, त्यामुळे झाडांना लोह मिळत नाही. खणताना विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मसाल्याचे गठ्ठे वेचून काढा. मग प्रत्येक वाफ्याला चार घमेली चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घाला आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबून मुळे सडतात, आणि गादीवाफा हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.

आता काय लावायचे याकडे वळू, कारण पैशांचा खरा निर्णय इथे होतो. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर आणि गाजर ही पिके तुम्ही लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती तीन-तीन महिने जागा अडवतात, एकदाच काढणी देतात आणि हंगामात बाजारात स्वस्तच असतात. लासलगावच्या कांद्याशी अंगणातल्या वाफ्याने बरोबरी करण्यात अर्थ नाही. लावायचे ते जे रोज थोडेसेच लागते, पण बाजारात जुडीनेच घ्यावे लागते आणि अर्धे फ्रिजमध्ये पिवळे पडते: कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, कढीपत्ता, आले-लसणाची पात. आपण आठवड्याला किती कोथिंबीर विकत घेतो आणि किती फेकतो, हे एकदा वहीत टिपून पाहा. वाफ्यातून रोज चार काड्या खुडल्या की ही नासाडी थांबते. वाचलेल्या पैशांत या न फेकलेल्या भाजीचा वाटा मोठा असतो आणि तो सहसा कोणी मोजत नाही.

यानंतर पालेभाज्यांचा क्रम लागतो. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत निघते आणि पालक महिन्याने कापणीला येतो. पालक उपटून न काढता दोन बोटे वर कापला तर पुन्हा फुटतो आणि थंडीत चार-पाच कापण्या देतो. माठ, तांदुळजा, शेपू आणि चुका यांनाही फारसे लाड लागत नाहीत. यात बहुतेकांची एकच चूक होते: संपूर्ण वाफ्यात एकाच दिवशी मेथी पेरतात, मग एका आठवड्यात बारा जुड्या तयार होतात आणि शेजारीपाजारी वाटाव्या लागतात. वाटण्यात आनंद आहेच, पण तुम्ही खर्चाचा प्रश्न विचारला आहे. म्हणून वाफ्याचे चार भाग करा आणि दर आठ दिवसांनी एक भाग पेरा, म्हणजे महिन्याच्या अखेरीस पहिला भाग रिकामा होऊन पुन्हा पेरणीला तयार असेल. अशा एका वाफ्यातून आठवड्याला दोन जुड्या निघाल्या आणि जुडी 20 रुपयांची धरली, तर महिन्याचे 160 ते 175 रुपये होतात. ही रक्कम मोठी नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पाच वाफे नीट चालले, तरी चार माणसांच्या घराचे संपूर्ण भाजीचे बिल मिटत नाही. पालेभाज्या, मिरची-कोथिंबीर आणि हंगामी फळभाजी यांचा मोठा भाग घरातून निघतो, एवढीच अपेक्षा ठेवा.

कोथिंबिरीसाठी स्वयंपाकघरातले धणे चालतात, फक्त ते भाजलेले किंवा फार जुने नसावेत. धणे पायातल्या चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून त्यांची दोन-दोन दले वेगळी करा, रात्रभर भिजवा आणि सकाळी पेरा. आठ ते बारा दिवसांत ते उगवतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोथिंबीर आणि मेथी महाग होतात, कारण सततच्या पावसात त्या शेतातच सडतात. त्या काळात तुमच्या उघड्या वाफ्यातही त्या सडतील. म्हणून चार बांबूंवर तिरके प्लास्टिक टाकून, बाजू उघड्या ठेवून, एका वाफ्यावर छप्पर करा. वर्षभरात सर्वांत जास्त पैसे वाचवणारी वस्तू कोणती असे मला विचाराल, तर मी या साध्या छपराचे नाव घेईन.

फळभाज्यांत संख्या आवरती ठेवावी. चार वांगी, सहा मिरच्या, आठ टोमॅटो, मांडवावर दोडक्याचे दोन वेल आणि दुधीचा एकच वेल चार माणसांना भरपूर होतो. भेंडीची मात्र वीस झाडे तरी हवीत, कारण एका झाडाला एका वेळी एखादीच काढण्याजोगी भेंडी असते आणि वीस झाडांतून दिवसाआड जेमतेम पाव किलो निघते. भेंडीवर हळद्या रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसले की त्याच दिवशी उपटून टाका, ते बरे होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही जात या रोगाला बऱ्यापैकी तोंड देते आणि सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण असल्यामुळे तिचे बी पुढच्या वर्षासाठी धरता येते. दुधीला फुले येऊनही फळे गळत असतील, तर संध्याकाळी, फुले उमलल्यावर, नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावा. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतोच, त्यामुळे ओळख सोपी आहे.

बियाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत मूळ गुण टिकवत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. गावरान किंवा सुधारित सरळ वाण एकदा आणला की वाल, चवळी, घेवडा, भेंडी, मेथी आणि माठ यांचे बी घरचेच होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जतन करून ती परसबागांसाठी घरोघर पोहोचवली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्ही ऐकले असेल. त्यांच्या कामाचे मोल मला दरवर्षी जून महिन्यात नव्याने जाणवते, जेव्हा लोक मूठभर बियांच्या रंगीत पाकिटांवर शेकडो रुपये खर्च करून येतात. त्याच दिवशी पिशवीतून रेडिमेड माती, कुंड्यांचे संच आणि शोभेची झारीही आलेली असते. असा खर्च भाजीने भरून काढायला दोन वर्षे लागतात. एक खुरपे, एक कुदळ, एक साधी झारी आणि दोन घमेली यांपलीकडे सुरुवातीला काही घेऊ नका.

खतही विकत घेण्याची गरज हळूहळू संपली पाहिजे. स्वयंपाकघरातील ओला कचरा एक भाग आणि वाळका पाला दोन भाग असे थर एका भोके पाडलेल्या पिंपात रचत गेलात, तर तीन महिन्यांत वापरण्याजोगे खत मिळते. कापलेले गवत इथेच उपयोगी पडते. त्यात नत्र चांगले असते. एक-दोन दिवस उन्हात पसरून सुकवले आणि भाजीच्या बुंध्याभोवती एक इंच जाड अंथरले, की पाणी टिकते आणि तणही कमी येते. ओल्या गवताचा जाड थर मात्र टाकू नका, तो आतून तापून सडतो आणि दुर्गंधी येते.

याच बाबतीत घडलेली एक चूक सांगणे माझे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी एका घरी मी हिरवळीचे कापलेले गवत टोमॅटोखाली अंथरायला सांगितले. दहा-बारा दिवसांत टोमॅटोची शेंड्याची पाने दोरीसारखी पिळवटली आणि झाडे वाढायची थांबली. चौकशी केल्यावर कळले की आदल्याच आठवड्यात हिरवळीवर रुंद पानांच्या तणांसाठी 2,4-डी हे तणनाशक फवारले होते. टोमॅटो या औषधाला अतिशय संवेदनशील आहे. गवत कापून घेण्याआधी मी विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही आणि त्या कुटुंबाचा पूर्ण हंगाम गेला. म्हणून ज्या घरात भाजी आणि हिरवळ शेजारी आहेत, तिथे तणनाशक नकोच. माळी स्वतःहून फवारत नाही ना, याची खात्री तुम्ही करून घ्या.

किडींसाठी निंबोळी अर्क पुरेसा आहे, पण तो कीड वाढण्याआधी द्यावा लागतो. अर्धा किलो निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळा आणि एकूण दहा लिटर करून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. वांग्याचा शेंडा मान टाकून लोंबू लागला की आत अळी आहे असे समजावे; तो शेंडा दोन इंच खालून कापून नष्ट केला तर पुढची फळे वाचतात. कारली आणि दोडक्याला फळमाशी डंख मारते. फळ बोटाएवढे असतानाच त्याला कागदाची पिशवी बांधली की औषधाचे काम पडत नाही.

आता उरलेल्या 300 फूट हिरवळीविषयी. पिवळेपणाची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, त्यामुळे सरसकट युरिया मारणे हे पैसे वाया घालवणे आहे. सगळे गवत सारखेच फिकट दिसत असेल आणि जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर नत्र कमी आहे. कोवळी पाने पिवळी पण त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता आहे. राडारोड्याच्या जमिनीत किंवा बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास दिसते आणि तिथे युरियाने काही साधत नाही, फेरस सल्फेटची सौम्य फवारणी लागते. फरशीवर त्याचे तांबडे डाग पडतात, तेवढे सांभाळा. पिवळे ठिपके जागोजागी असतील आणि तिथे लांब खिळा सहज आत जात नसेल, तर जमीन घट्ट झाली आहे. पावसाळ्यात गवताचा तुकडा सतरंजीसारखा हातात उचलून येत असेल, तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या पाहा. त्यांना मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळून देता येते. तुमच्या वर्णनावरून मला घट्ट जमिनीची शक्यता अधिक वाटते, कारण तुम्ही रोज थोडे थोडे पाणी देता असे लिहिले आहे. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच्या बोटभर मातीतच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की गवत लगेच पिवळे होते.

त्याऐवजी उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पहाटे, एकदाच भरपूर पाणी द्या. किती दिले हे कळण्यासाठी हिरवळीवर दोन-तीन रिकामे सपाट डबे ठेवा आणि त्यांत दोन सेंटिमीटर पाणी जमले की थांबा. गवतावरून चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ राहिले, की पाण्याची वेळ झाली आहे असे समजा. टँकर फारच महाग झाला तर हरळीच्या हिरवळीला एप्रिल-मेमध्ये दहा दिवसांनी एकदाच पाणी द्या आणि ती तपकिरी होऊ द्या. ती मरत नाही, पहिल्या पावसाने पुन्हा फुटते. मृगाच्या तोंडावर लोखंडी सळईने चार-चार बोटांवर खोल भोके पाडा आणि वाळू व चाळलेले गांडूळखत समप्रमाणात मिसळून झाडूने आत लोटा. अर्धवट कुजलेले शेणखत हिरवळीवर कधीही पसरू नका, त्यातून गाजर गवत आणि माठाचे बी येते. युरिया द्यायचाच असेल, तर पावसाळ्यात एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, चौरस मीटरला 10 ग्रॅम, आणि लगेच पाणी. तुमच्या 28 चौरस मीटरला एका वेळी 280 ग्रॅम म्हणजे पुष्कळ झाले.

कापणीच्या बाबतीत माळ्याशी तुम्हाला थोडे बोलावे लागेल. लवकर पुन्हा यावे लागू नये म्हणून माळी गवत अगदी मातीपर्यंत खरडतात. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नये आणि हरळीची उंची तीन ते चार सेंटिमीटर ठेवावी. मग जमिनीवर सावली राहते आणि तणाला जागा मिळत नाही. कापल्यावर टोके पांढुरकी, फाटलेली दिसली तर पाते बोथट आहे. 300 फुटांना हाताने ढकलायचे यंत्र पुरते आणि ते काम घरातले कोणीही पंधरा मिनिटांत करू शकते. माळ्याची फेरी आठवड्यातून दोनऐवजी महिन्यातून दोन झाली, की वर्षाअखेरीस हीच सर्वांत मोठी बचत निघेल. लव्हाळा मात्र बोटांनी उपटू नका, पात तुटते आणि गाठ खाली राहते. पावसानंतर माती ओली असताना लांब खुरप्याने गाठीसकट काढा.

उन्हाळ्यात पाचही वाफे चालू ठेवण्याचा हट्ट धरू नका. दोन वाफ्यांत भेंडी, गवार आणि मिरची ठेवा, बाकी तिघांवर पाला अंथरून त्यांना विश्रांती द्या. 300 फूट हिरवळ आणि दोन वाफे मिळून दिवसाला 175 ते 180 लिटर लागतील. आजच्या 280 लिटरच्या तुलनेत महिन्याला सुमारे 3,000 लिटर पाणी वाचते, आणि हिरवळ तपकिरी होऊ दिली तर त्याहून बरेच अधिक.

सुरुवात गवत सोलण्यापासून करू नका. आधी पाच-सहा ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या, ती एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. त्याच आठवड्यात सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर दोन तासांनी ऊन कुठे पडते, ते कागदावर आखून ठेवा. तो कागद आणि मातीचा अहवाल हातात आला, की वाफे कोणत्या कडेने आखायचे ते मला विचारा.